पाण्याची घटका

माझ्या वहिनीनं मुलांसाठी अकरा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या अकराही मी टाइप केल्या. त्यामुळे निम्मं पुण्य माझं, असं मी म्हणते. त्यावर ती म्हणते, "निम्म्या चुकाही तुझ्याच, चिमे." नणंद-भावजयीचं आमचं हे असंच. ती आणि दादा वर राहतात, मी खाली, मध्ये एक लाकडी जिना, आणि दिवसातून दहा वेळा त्या जिन्यावरून एकमेकींना हाका. भांडणंही तिथूनच. जिना चढून भांडायला जायचं वय आता राहिलं नाही.

लोकांना वाटतं, मुलांसाठी इतिहास लिहायचा म्हणजे काय, राजा, घोडा, तलवार, झालं. वहिनीच्या पुस्तकांत राजा चुकूनमाकून दिसतो. तिथं नालबंदाची मुलगी असते, तोफेचे गोळे मोजणारा मुलगा असतो, आणि त्यांना भूक लागते, खरूज होते, आईच्या हातचा मार बसतो. वहिनी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होती. प्रकरण लिहून झालं की आधी वर्गात वाचून दाखवायची. ज्या वाक्याला एखादं पोर खिडकीबाहेर बघेल, ते वाक्य घरी येऊन खोडायची. मी टाइप केलेल्या पानावर खोडायची, हे लक्षात घ्या. एक प्रकरण मी नऊ वेळा टाइप केलंय. एवढ्या वेळात मी स्वतःची कादंबरी लिहिली असती, पण आपल्याला कुठं हौस.

तिचं नाव झालं ते मात्र गोष्टींपेक्षा शेवटच्या पानामुळे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक पान, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'खरं', उजवीकडे 'रचलेलं'. नालबंद खरा, त्याची मुलगी रचलेली. दुष्काळ खरा, मुलीचं कुत्रं रचलेलं. डावीकडच्या प्रत्येक ओळीखाली दफ्तरखान्यातल्या बस्त्याचा, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांक. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक कुरकुरले होते, की पोरांना क्रमांक कशाला हवेत, पोरं काय दफ्तरखान्यात जाणार आहेत? वहिनी म्हणाली, "पोरं मोठी होतात. मोठेपणी एखाद्याला वाटलं, बाईंनी थापा मारल्या का बघू या, तर त्याला पत्ता नको?"

ते सगळे क्रमांक आणायचा माझा दादा. तो जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून होता आणि तिथल्या एका जुन्या साहेबानं त्याला जुनी लिपी शिकवली होती. वहिनीला ती लिपी येत नाही. मुंग्यांची रांग दिसते, म्हणते. शिवाय शाळा, घर, लहान मुलगा, तिला वेळ तरी कुठला? त्यामुळे दर शनिवारी दादा तीन पेन्सिली तासून दफ्तरखान्यात जायचा. तिथं पेन न्यायला बंदी आहे. जे मिळेल ते पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर सुवाच्य अक्षरात उतरवायचा, उजव्या कोपऱ्यात बस्त्याचा क्रमांक घालायचा आणि संध्याकाळी कार्डं वहिनीच्या हातात ठेवायचा. वहिनी लिहायची, मी बडवायची. असा आमचा तिघांचा कारखाना.

पाचवं पुस्तक वेढ्याचं. नदीकाठचं तटबंदीचं गाव, कडाक्याची थंडी, चार महिने शत्रूचा वेढा. त्यात एक प्रकरण आहे, 'पाण्याची घटका'. गावातल्या विहिरी आटलेल्या. पाणी फक्त नदीचं, आणि नदीच्या पलीकडे शत्रूच्या बंदुका. पण रोज दुपारी एक घटका गोळीबार थांबायचा. तेवढ्या वेळात तटाचा लहान दरवाजा उघडायचा आणि गावातली पोरं घागरी घेऊन खाली उतरायची. पलीकडचे शिपाई बंदुका मांडीवर ठेवून बघत बसायचे. एखादा शीळ घालायचा. कुणी गोळी झाडायचं नाही. घटका संपली, दरवाजा लागला की पुन्हा धडाधडा सुरू.

शीळ उजवीकडच्या रकान्यात होती. घटका डावीकडे.

हे पुस्तक अडतीस वर्षं चाललंय. तेवीस आवृत्त्या. मुखपृष्ठावर तीच पोरं, त्याच घागरी. टक्कल पडलेले बाप्ये रस्त्यात वहिनीच्या पाया पडतात आणि सांगतात, "बाई, माणसात इतपत तरी चांगुलपणा असतो, हे आम्ही तुमच्या पुस्तकात शिकलो." वहिनी नुसती हसते. घरी आल्यावर मला म्हणते, "बघितलंस? डावीकडे होतं म्हणून शिकला. उजवीकडे असतं तर विसरला असता."

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी खालची घंटा वाजली. दारात चौतिशी-पस्तिशीची एक मुलगी. नाक धुळीनं लाल झालेलं, खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. म्हणाली, दफ्तरखान्यात नवीन लागलेय, बाईंना भेटायचंय. मला वाटलं, सही हवी असणार. वर नेलं. दादा न्हाव्याकडे गेला होता.

मुलीनं पिशवीतून वेढ्याचं पुस्तक काढलं. नवव्या वर्षी मिळालेलं, कडांना चिकटपट्ट्या लावलेलं. वहिनी खूश झाली, पेन शोधू लागली. तेव्हा मुलीनं पुस्तकातून घडी घातलेला एक कागद काढला. जुन्या पानाची छायाप्रत.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही दिलेला बस्ता उघडला मी. एकशे बेचाळीस. पडताळायला नव्हे हो, देवाशपथ. तो आता माझ्याच हाताखाली आलाय, आणि मला फक्त ते पान एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."

"मग?"

"तारीख तुमच्या पुस्तकातलीच आहे. पण…" आणि तिनं वाचायला सुरुवात केली. कोठीच्या कारकुनाची रोजची नोंद होती. पाण्यास पोरे पाठविली. पलीकडून बार झाले. नऊ पोरे गेली. पुढं यादी. कारकुनानं नावं घातली नव्हती, बापाचा धंदा आणि वय एवढंच. सुताराची मुलगी, आठ. तिचा भाऊ, सहा. लोहाराचे दोघे, दहा आणि सात. शिंप्याची धाकटी, सात. कुंभाराचा एक, कोष्ट्याचा एक. पहारेकऱ्याची मुलगी, नऊ. तिच्या कडेवरचं तान्हं, वय लिहिलेलं नाही.

वहिनी म्हणाली, "पुन्हा वाच."

मुलीनं पुन्हा वाचलं. "मी एवढंच वाचलं आणि बस्ता बांधून ठेवला, बाई. पुढं उलटवेना. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं. मी कुणाकडे बोलणार नाही." तिनं चहाला हात लावला नाही. जिन्यावरून उतरताना ती रडत होती.

दादा परत आला तो मानेवरचे केस झटकत, कुठल्याशा विनोदावर स्वतःशीच हसत. दारातूनच त्याला टेबलावरचा कागद दिसला. चार हातांवरून! अक्षर वाचता येण्यासारखं नव्हतंच. पण त्याचं हसू तिथल्या तिथं विरलं. तो खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला आणि ती त्याला सुटेना.

"वाचा," वहिनीनं कागद पुढं केला.

"चष्मा नाही."

चष्मा त्याच्या नाकावर होता. मग त्यानं कागदाकडे न बघताच सांगितलं, "नऊ पोरं. सगळ्यात मोठं दहा वर्षांचं."

अडतीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर जेवला, हसला, पत्ते खेळताना लबाडी केली की लगेच पकडला गेला. आणि एवढं पोटात ठेवून होता.

"तो हिवाळा आठवतो ना?" तो वहिनीला म्हणाला. "बाळ एकोणीस दिवसांची झाली आणि गेली, तो. तू खिडकीशी बसायचीस. लिहिणं बंद. दर शनिवारी मी आलो की एकच विचारायचीस, 'पोरांचं काही मिळालं का?' आणि त्या शनिवारी हे मिळालं. कडेवरच्या तान्ह्यासकट. ते घेऊन मी जिना कसा चढणार होतो, सांग! दफ्तरखाना बंद व्हायची वेळ झाली तरी बसलो होतो. मग दुसरं कार्ड लिहिलं. म्हटलं, एक आठवडा. पुढच्या शनिवारी खरं सांगेन. पुढच्या शनिवारी आलो तर तू प्रकरण लिहून झालेलं. मला वाचून दाखवलंस. त्या दिवशी तू जेवलीस. महिन्याभरात पहिल्यांदा नीट जेवलीस."

दुसरी एखादी बाई इथं विरघळली असती. खरं सांगते, मी विरघळले. वहिनी नाही.

"अहो, मी ते डावीकडे लिहिलं!" ती ओरडली. "मला वाईट वाटलं असतं, तर वाटू द्यायचं. मी लिहिलं नसतं, तर नसतं लिहिलं. पण तुम्ही मला विचारलंत का? पोरांपुढे छाती काढून सांगत फिरले, की बाबांनो, माझ्याकडे खोट्याला वेगळा रकाना आहे!" मग ती बसली आणि आवाज एकदम खाली आला. "म्हणजे माझ्या पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट खरीही नाही आणि माझीही नाही."

दादा अजून नाडीच ओढत होता.

"आणखी किती आहेत अशी?"

"एवढंच. शपथ घेऊन सांगतो, एवढंच एक."

"तुमच्या शपथेचा बस्ता क्रमांक काय?" वहिनीनं विचारलं.

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण मला ते कधी जमलंय? मी म्हटलं, "वहिनी, क्रमांक मी घातला." त्या कार्डाचा उजवा कोपरा रिकामा होता. मी जिन्यावरून ओरडून विचारलं होतं, दादा म्हणाला, "नंतर देतो." दोन आठवडे 'नंतर देतो' चाललं. छपाईला जायचं होतं. टायपिस्टला रिकामी जागा बघवत नाही, ती आमची खोड. मागच्या-पुढच्या दोन्ही कार्डांवर एकशे बेचाळीस होतं, मीही तोच आकडा ठोकून दिला. आणि बरोबर त्याच बस्त्यात खरं पान निघालं. मी हुशारी केली नसती, तर आज ही मुलगी आमच्या दारात आली नसती. शेवटच्या पानावर जागा रिकामी बघून वहिनीनं तेव्हाच दादाला धरलं असतं, हेही आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

वहिनीनं माझ्याकडे, मग दादाकडे पाहिलं. "एका माळेचे मणी," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण बरं. वहिनी दादाशी बोलायची ती माझ्यातर्फे. तो समोर बसलेला असताना. "तुझ्या भावाला सांग, चहा निवतोय." "तुझ्या भावाला विचार, खिडकी लावायची का?" मी दोघांच्या मध्ये टपालपेटीसारखी. पहिल्या दिवशी मला हसू आलं, तिसऱ्या दिवशी रडू यायला लागलं.

आणि कार्डं. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या तिनं मला खाली काढायला लावल्या. अकरा पुस्तकांची, दोनेक हजार. ती एकेक कार्ड उजेडात धरायची, पुस्तकाचं शेवटचं पान उघडायची, कोपरा बघायची. त्या एका कार्डाखेरीज सगळ्यांना क्रमांक होते. पण क्रमांकानं आता काय सिद्ध होणार? मूळ कागद तिला वाचता येत नाहीत. जे काही होतं ते दादाच्या अक्षरात. नालबंदानं शेजारच्या पोरांना लिहायला शिकवलं, हे खरं की त्या आठवड्यात आमच्या मुलाला ताप होता म्हणून? दुष्काळात एका सावकारानं कोठार उघडलं, ते? जे जे चांगलं होतं, ते ते संशयात. वाईट तेवढं ती न तपासता बाजूला ठेवायची. हे बघताना मला कळलं, की दादानं एकच कार्ड खोटं लिहिलं, पण दोन हजार कार्डांचा जीव घेतला.

मध्येच प्रकाशकांचा फोन. चोविसावी आवृत्ती पुढच्या आठवड्यात छपाईला, काही बदल? आत्ताचे प्रकाशक म्हणजे जुन्या प्रकाशकांचा मुलगा. लहानपणी हेच पुस्तक वाचून मोठा झालेला. वहिनीनं सांगितलं, शेवटचं पान बदलायचंय. घटका उजवीकडे जाईल आणि डावीकडे नऊ पोरं येतील.

फोनमधून त्याचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू येत होता. "बाई, पोरं मेली असं लिहायचं? मुलांच्या पुस्तकात? आणि मुखपृष्ठाचं काय? कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"एकीनं विचारलंय."

"एकीनं ना? मग तिला समजावू आपण."

"अरे, तिच्यासाठीच तर क्रमांक घातले होते," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

मला विचाराल तर मी प्रकाशकाच्या बाजूची होते. सरळ सांगून टाकते. मी संध्याकाळी वर जाऊन वहिनीला म्हटलं, "राहू दे ना. इतकी वर्षं लोक त्या घटकेवर जगले. त्यांच्या तोंडचं कशाला काढून घेतेस? आणि दादा म्हातारा झालाय. जगापुढं त्याला कशाला उघडं पाडतेस?"

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. "ती नऊ पोरं, चिमे," ती म्हणाली. "त्यांचं असं एवढं एकच पान आहे जगात. त्यावर आपण दुसरी, न मेलेली पोरं नेऊन बसवली. आणि माझी बाळ… तिचं तर तेवढंही पान नाही. मला कळत नाही का, त्यांनी का केलं ते? कळतं. पण मला सांभाळायला त्यांनी दुसऱ्यांची लेकरं पुसली. मला हे पेलवत नाहीये." मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. आमच्यात असं कधी होत नाही, म्हणून थोड्या वेळानं दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

दादानं फिरायला जाणं सोडलं. खाली माझ्याकडे येऊन बसायचा, पेपर उलटा-सुलटा करायचा. एकदा म्हणाला, "ओरडली तरी बरं गं. नुसती कार्डं बघते." मी म्हटलं, "मग तूच पाप केलंस ना, आता भोग." लगेच वाईट वाटलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला असं बोलायचं नसतं. पण माझाही जीव किती ठिकाणी ठेवू?

सहाव्या दिवशी वहिनीनं नवं पान माझ्या हातात दिलं. डावीकडे नऊ ओळी, त्या कारकुनाच्याच क्रमानं. उजवीकडे: 'पाण्याची घटका. ही कल्पना लेखिकेची नाही, तिच्या नवऱ्याची आहे.'

दादानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "तिला सांग, माझं नाव नको."

वहिनी समोरच होती. "तुझ्या भावाला सांग, नाव कुठं घातलंय? नातं घातलंय."

मी टाइप करायला बसले. आता कॉम्प्युटर आहे, पण बोटं अजून जुन्याच जोरानं पडतात. सातव्या ओळीला वहिनीनं मला थांबवलं. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या डोक्यात वर्ग भरला होता, हे मला चेहऱ्यावरून कळलं.

"मग पाणी कसं आलं?"

"कुठलं पाणी?"

"अगं, वेढा त्यानंतर दोन महिने चालला. गाव तहानेनं मेलं नाही. मग पाणी कुणी आणलं? पोरं पहिला प्रश्न हाच विचारतील. तुझ्या भावाला विचार, पुढच्या पानावर काय होतं."

दादा खिडकीशी होता. त्यानं खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली. "पुढचं पान मी उलटलं नाही," तो शेवटी म्हणाला. "बस्ता बांधून परत दिला. पुन्हा कधी मागवला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दफ्तरखान्यात गेलो. इतकी वर्षं वहिनीची सगळी पुस्तकं या इमारतीतून निघाली, पण ती पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होती. तीन मजले, लिफ्ट नाही. दादाला मी एका हातानं धरलं, वहिनी कठड्याला धरून आमच्यापुढे. दारावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या पिशवीतलं पेन काढून घेतलं आणि आखूड पेन्सिल दिली. आत लांबलचक टेबलं, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, खिडक्यांच्या काचांना ऊन येऊ नये म्हणून खाकी कागद. चारपाच माणसं माना खाली घालून बसलेली. दादा न विचारता एका टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे गेला. त्याची जागा असणार. वहिनी त्या खुर्चीकडे जरा वेळ बघत राहिली, मग शेजारची ओढून त्याच्या अगदी लगत बसली.

ती मुलगी बस्ता घेऊन आली. आम्हाला तिघांना बघून बावरली. नाडी सोडून, हलक्या हातानं पानं उलटून तिनं ते पान समोर केलं आणि मागे उभी राहिली.

दादानं भिंग घेतलं. नऊ पोरं त्यानं पुन्हा वाचली, एकेक, बोट कागदाला न लावता वरून धरून. वहिनीनं पेन्सिलीनं आपल्या पानाशी ताडून पाहिली. तिनं मान हलवली. दादानं पान उलटलं.

तो आधी मनातल्या मनात वाचू लागला. ओठ हलत होते.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाली. सहा दिवसांनंतर ती त्याच्याशी बोलली. "आहे तसं वाचा."

"दुसरे दिवशी…" दादा थांबून खाकरला. "दुसरे दिवशी पाण्यास पुन्हा पोरेच पाठविली. मोठी माणसे तटावर लागतात. बारा पोरे गेली."

आदल्या दिवशी नऊ मेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरंच. कुठल्या आयांनी घागरी हातात दिल्या असतील? वहिनीच्या हातातली पेन्सिल थांबली होती.

"आणि?" ती म्हणाली.

दादानं भिंग जरा पुढं सरकवलं. "बारा आली. पलीकडून बार झाला नाही. घागरी बारा."

मला इतका आनंद झाला, की मी टेबलाखाली दादाचा गुडघा घट्ट धरला. बारा गेली, बारा आली! मला तिथं ओरडावंसं वाटत होतं. मी वहिनीकडे पाहिलं.

तिनं काही लिहिलं नव्हतं. ती दादाच्या चेहऱ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. राग असता तर मला चाललं असतं. रस्ता ओलांडताना गाडी येते का बघतो ना आपण, तशी बघत होती. मग तिनं कागदाकडे पाहिलं, त्या मुंग्यांच्या रांगेकडे, आणि पान हळूच मागे उभ्या असलेल्या मुलीकडे वळवलं.

"बाळ," ती म्हणाली, "तू वाच."

मुलगी दादाकडे बघेना. तिनं वाकून वाचलं, एकेक शब्द तोडून. दुसरे दिवशी पाण्यास पुन्हा पोरेच पाठविली. मोठी माणसे तटावर लागतात. बारा पोरे गेली. बारा आली. पलीकडून बार झाला नाही. घागरी बारा.

अक्षर न् अक्षर तेच.

वहिनीनं डोळे मिटले, उघडले आणि लिहून घेतलं. डावीकडे. मग ती दादाला म्हणाली, "पुढचं?"

दादानं भिंग उचललं. ते मिटून त्यानं डबीत ठेवलं, आणि बस्ता दोन्ही हातांनी त्या मुलीपुढे सरकवला.

"पुढचं हीच वाचेल," तो म्हणाला. "मी ऐकतो."

वहिनी नको म्हणाली नाही. मुलीनं खुर्ची ओढली आणि ती वाचत गेली, वहिनी लिहीत गेली. दादा त्याच्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसला होता.